नुसता फलक नको, माणूस हवा



थंडी पडली की आपल्या कोकणच्या पुळणीवर दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एक गाडीतून, दुसरे पंखांवरून. गाडीतून येणाऱ्यांची आपण जेवणाखाण्याची सोय करतो. पंखांवरून येणाऱ्यांकडे कोण बघतो?

चिखल्या पक्षी चिमणीपेक्षा थोडाच मोठा. त्याची एक जात उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे अंडी घालते आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येते. ओहोटी लागली की हे पक्षी ओल्या वाळूतले किडे आणि बारीक खेकडे टिपतात. भरती आली की खाणे बंद. मग सगळा थवा कोरड्या वाळूवर विसावा घेतो. नेमके तेव्हाच कोणी थव्यात धावत जातो, कोणी मोटार घालतो, कोणाचा कुत्रा सुटतो. थवा भर्रकन उडतो. बघणाऱ्याला मजा वाटते, फोटो छान येतो. पण पक्ष्यांचे काय?

परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. चरबी हीच त्यांची शिदोरी. २०२२ साली गॉडविट जातीचा एक किनारपक्षी अलास्कातून निघाला आणि ११ दिवस न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचला. तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. वाटेत दाणा नाही की पाणी नाही! म्हणजे थवा विनाकारण उडवला, की आपण त्यांच्या शिदोरीतला घासच काढून घेतो.

काही जण म्हणतात, "किनारा सर्वांचा आहे, आम्ही कुठेही फिरू." खरे आहे. पण सर्वांमध्ये पक्षीही आले. शंभर पावलांचा वळसा घातला तर आपले काय बिघडते?

काही जण म्हणतात, फलक लावा. माझे मत असे, की फलक कोणी वाचत नाही. तिथे माणूस हवा. त्याने ओरडायचे नाही, दुर्बीण हातात देऊन पक्षी दाखवायचा. ज्याने एकदा नीट बघितला, तो त्याच्यामागे धावणार नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली कासवांची अंडी राखायचे काम सुरू झाले. आता पिल्ले समुद्रात जाताना बघायला लांबून लोक येतात आणि गावातच राहतात. म्हणजे राखल्याने गावाचे नुकसान झाले नाही, उलट चार पैसे मिळाले.

१९८७ पासून दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणती होते. मोजणारे पुष्कळसे हौशी स्वयंसेवक असतात. मग आपण का नाही? सहावी-सातवीच्या मुलांनी रविवारी भरतीच्या वेळी, एका पालकाबरोबर, दोन तास किनाऱ्यावर थांबावे. वहीत तारीख, वेळ, पक्षी किती आणि थवा कशामुळे किती वेळा उडाला, हे लिहावे. येणाऱ्यांना गोड शब्दांत सांगावे.

पालकांनो, एवढ्यासाठी रविवारचे दोन तास द्याल ना?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी