काताझुकेरु म्हणजे आवरणं

मैत्रिणींनो, मुलगा-सून जपानला असतील किंवा घरात कुणी जपानीच्या वर्गाला जात असेल, तर एक क्रियापद तुमच्या कानावर येणारच. काताझुकेरु. म्हणजे आवरणं. त्यातला 'झु' झुळुकेतला म्हणावा.

केर काढणं, फरशी पुसणं याला तिकडे 'सोजी' म्हणतात. ते काम वेगळं. पसरलेली वस्तू उचलून तिच्या जागी ठेवली, की ते काताझुकेरु. बालवाडीतली मुलं खेळ संपल्यावर खेळणी जागेवर ठेवतात, त्याला लाडानं 'ओकाताझुके'. जेवणानंतरचं ते 'आतोकाताझुके'. 'आतो' म्हणजे मागाहून. आपण नाही का म्हणत, "तुम्ही बसा, मी मागचं आवरते," अगदी तेच!

शिकायला अवघड मुळीच नाही. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. 'हेया ओ काताझुकेरु', खोली आवरते. 'काताझुकेता' म्हणजे आवरलं, 'काताझुकेते' म्हणजे आवरून. त्याला पुढे 'ओकु' जोडलं, की झालं 'आवरून ठेवणं'. आणि ओकु म्हणजे खरोखरच ठेवणं! इंग्रजी शिकताना ही सोय कुठली? दुसऱ्याला सांगायचं तर 'काताझुकेते कुदासाइ', कृपा करून आवरा. (घरातल्या पुरुषमंडळींना हे वाक्य आधी शिकवावं.)

आता याचं धाकटं भावंड, 'काताझुकु'. म्हणजे आवरून होणं. खोली आवरून झाली, काम हातावेगळं झालं, की हा शब्द येतो. आणि पूर्वी मुलीचं लग्न झालं तरी हाच शब्द येई! मुलगी आवरून झाली, घर मोकळं झालं. वाचून राग आला ना? पण आपल्याकडे तरी काय वेगळं? मुलगी 'उजवली' म्हणतात ते एक वेळ सोडा, 'एकदाची खपली' हे बोल लग्नघरातच ऐकू येतात, आणि बोलणाऱ्या बहुधा आपणच बायका असतो. खपायला ती काय दुकानातला माल आहे?

जपानात आता हे बोलणं जुनाट आणि मुलीचा अपमान करणारं मानतात. तेव्हा जपानी शेजारणीला लेकीच्या लग्नाची बातमी द्यायची असेल, तर काताझुकु खोलीपुरतं ठेवावं आणि सरळ म्हणावं, 'मुसुमे गा केक्कोन शिमाशिता.' मुलीनं लग्न केलं.