काम झाले, चिठ्ठी फाडा!

आम्ही कारकून माणसे. साहेबांची चिठ्ठी काम झाल्यावरही टेबलावर राहिली, तर तेच काम दुसऱ्या दिवशी पुन्हा होते! आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू असा घोळ होऊ देत नाही. त्याच्या पेशीत प्रथिने बनविण्याचा निरोप आरएनए नेतो. बहुतेक निरोप काही मिनिटांतच मोडले जातात. आरएनेज-ई हे विकर मध्येच कात्री चालवते, मग पीएनपेज टोकाकडून एकेक मणी काढते. तेच मणी नव्या निरोपात ओवले जातात.

हे पीएनपेज १९५५ साली मारियान ग्रुनबर्ग-मानागो या बाईंनी न्यूयॉर्कला सेवेरो ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत शोधले. परीक्षानळीत ते आरएनए जोडताना दिसले. पेशीत ते मुख्यतः मोडते, हे पुढे कळले. १९५९ चे नोबेल ओचोआंना मिळाले. बाईंचे नाव त्यात नव्हते, हे आम्हांस आजही खटकते.