परतणारे हावरट नव्हेत



‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेतल्या जीवघेण्या खेळात उतरलेली माणसे हावेपोटी मरतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात खेळ थांबवण्यासाठी मतदान होऊन 201 जण सुटतात, तरी 187 खेळात परततात. कारण बाहेर सावकार, आजारी आई, थकलेली मजुरी तशीच असते. नायक गी-हुनच्या कहाणीमागे 2009 मधील सँगयाँग मोटार कारखान्यातली कामगारकपात आणि संप आहे, असे दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्योक यांनीच सांगितले आहे. आमच्याकडे कर्ज काढून पुन्हा कापूस पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही लोक जुगारी ठरवतात. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणणे अन्यायाचे आहे. दोष डाव मांडणाऱ्यांना द्यावा.

— एक वाचक, जैनथ (जि. आदिलाबाद)