महाग की स्वस्त?
मुलगा ऐकत नाही. मग विजेवरची सिगारेट निदान भारी किमतीची तरी घेऊन द्यावी काय, असे एका सुशिक्षित पालकांनी आम्हांस विचारले. महाग यंत्रातील तापणारी तार बदलता येते, उष्णता कमीजास्त करता येते. स्वस्त यंत्र संपताच फेकावयाचे. निकोटीनचे व्यसन दोहोंतही तेच. २०१९ च्या कायद्याने या वस्तूची आयात व विक्री आपल्या देशात गुन्हा ठरली आहे. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विडी मात्र कोपऱ्यावर राजरोस मिळते, ही विसंगती आम्हांसही खटकते. पण चोरट्या मालात काय भरले आहे, हे तपासणार कोण? जादा पैसे मोजून हे पालक मुलाच्या हाती देणार आहेत, ती केवळ आपली संमती.