पास कुणी काढावा?

"मावशी, चार दिवसांचे चार पास काढू. एकदा काढले की सुटलो," भाचा म्हणाला आणि बीडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत जाऊन उभा राहिला. दिवाळीनंतरचा आठवडा होता. फलाटावर सीताफळांच्या पाट्या होत्या, बाहेरच्या रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या जोड्या जात होत्या. बैलगाडीचं जू, पत्र्याची पेटी आणि वर बसलेली लेकरं. आमच्या जिल्ह्यात प्रवास बहुतेकांच्या वाट्याला पोटासाठीच येतो. आम्ही चौघं मात्र त्या दिवशी केवळ बघायला निघालो होतो, आणि तेही आपलाच जिल्हा. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, थोरली बहीण अक्का, मी आणि अक्काचा हा मुलगा. पुण्यात नोकरी करतो. बीडमध्ये जन्मून त्यानं कंकालेश्वर एकदाच पाहिलं होतं, तेही शाळेच्या सहलीत.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास बहुतेकांना ऐकून माहीत असतो, काढलेला मात्र थोड्यांनीच असतो. १९८८ पासून ही योजना चालू आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि तेवढ्या दिवसांत कोणत्याही गाडीत, कितीही वेळा बसायचं. दहा दिवस आधीसुद्धा तो काढून ठेवता येतो. साध्या गाड्यांचा दर वेगळा, शिवशाहीचा वेगळा. मुदत शेवटच्या दिवशी रात्री बाराला संपते. पास आहे म्हणून बसायला जागा मिळेलच असं नाही. जागा हवी तर आरक्षणाचे पैसे वेगळे. पास हरवला तर दुसरा मिळत नाही.

भाच्याच्या डोक्यात पास बसला तो पॅरिसहून. कंपनीच्या कामाला गेला असताना त्यानं तिथला म्युझियम पास घेतला होता. ४८, ९६ किंवा १४४ तासांचा तो पास असतो आणि त्यात लूव्रपासून व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत पन्नासहून अधिक ठिकाणी आत जाता येतं. दोन दिवसांत त्यानं पासाचे पैसे वसूल केले, हे तो अजून अभिमानानं सांगतो. पण तो पास दारांचा होता. तिकडे प्रत्येक दारावर तिकीट आहे, म्हणून दारांची मोळी बांधून विकता येते. आमच्याकडे कंकालेश्वराला तिकीट नाही, खजाना विहिरीला नाही, अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्यांना नाही, मुकुंदराजांच्या समाधीला नाही, कपिलधारच्या धबधब्याला नाही. आमचा खर्च आहे तो एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पोचण्याचा. म्हणजे इथे पास घ्यायचा की नाही, हा प्रश्न सगळा किलोमीटरचा.

खिडकीतल्या माणसानं आमच्याकडे नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "आजी, वय किती?" मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पास कशाला पायजे? तुमचं तिकीट अर्धंच हाय की. आणि आजीचं तर काहीच नाही."

एवढ्या एका वाक्यानं भाच्याचा मोबाइलमधला सगळा तक्ता पुसला गेला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच. पासाच्या दरपत्रकात मात्र रकाने दोनच असतात, प्रौढ आणि मुलं. बाईसाठी तिसरा रकाना नाही. ही योजना आली तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं की पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास नव्हता. आज एका घरातली चार माणसं तीन दरांनी प्रवास करतात. तेव्हा 'पास परवडतो का' असं घरासाठी एकत्र विचारण्यात अर्थ उरलेला नाही, माणसागणिक विचारावं लागतं.

त्या खिडकीपाशीच मी पिशवीतलं पाकीट उलटं करून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे पडतात. म्हणजे हजार रुपयांत सुमारे ६०० किलोमीटर. पासाचे दर भाड्याबरोबर बदलत असतात, ते त्या त्या वेळी आगारातच विचारावेत. पण दर कोणताही असो, पासाच्या किमतीतल्या प्रत्येक हजारामागे पूर्ण तिकिटवाल्या माणसाचा ६०० किलोमीटरचा प्रवास व्हायला हवा. अर्ध्या तिकिटाच्या बाईचा १२०० किलोमीटर. आईला महाराष्ट्रभर फिरवलं तरी तिच्या पासाचा रुपयाही वसूल होणार नाही.

आता आमचा मार्ग. बीडहून मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाई नव्वद किलोमीटरच्या आसपास. तिथून परळी पंचवीस. परळीहून बीडला परत तेवढंच नव्वद. दुसऱ्या बाजूला पाटोद्याच्या पुढे सौताडा, विंचरणेचा धबधबा आणि खाली रामेश्वर, जाऊन-येऊन एकशेतीस धरा. गोदाकाठचं राक्षसभुवन, म्हणजे गेवराईला उतरून पुढची गाडी, एकशेपंधरा. कपिलधार जवळच, चाळीस. सगळी बेरीज पाचशेच्या आतच राहते. भाच्याचं पूर्ण तिकीट साडेआठशेच्या आत-बाहेर, अक्काचं आणि माझं त्याच्या निम्मं निम्मं, आईचं शून्य. चौघांचे मिळून साधारण सतराशे रुपये. चार पासांना चार हजारांच्या वर मोजावे लागले असते.

तर उत्तर मिळालं. बीडच्या माणसानं बीड जिल्हा बघायला पास काढू नये, एकट्या पुरुषानंसुद्धा. त्याच्या हजार रुपयांचे ६०० किलोमीटर आमच्या जिल्ह्यात पुरेच होत नाहीत.

पण हे उत्तर लिहिताना मला अण्णा आठवतात, म्हणून इथेच थांबवत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९९४ साली निवृत्त झाले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर हा पास काढला. स्वतःचा, आईचा आणि माझा. त्यांनी शंभर पानी वही घेतली होती. तिच्यात प्रत्येक स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या. रात्री मुक्कामाचा खर्च नको म्हणून रात्रीच्या गाडीत झोपायचं आणि दिवसा बघायचं असा बेत होता. सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे, पुणे आणि बीड. गणपतीपुळ्याला आम्ही संध्याकाळी पोचलो. आईनं त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. ती पाण्यात उभी राहिली, आणि अण्णा घड्याळ बघत म्हणाले, "चला, रत्नागिरीची गाडी जाईल." वीस मिनिटं झाली असतील. आईच्या लुगड्याचे काठ रत्नागिरी येईपर्यंत ओलेच होते. घरी आल्यावर अण्णांनी वहीत बेरीज करून दाखवली, पासाच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा प्रवास झाला होता. आई त्या वेळी एवढंच म्हणाली, "समुद्र बघितला, पण बघितल्यासारखा वाटला नाही."

अण्णांना दोष द्यायला माझा जीव धजत नाही. त्या पासाशिवाय एका मराठवाड्यातल्या मास्तरच्या बायकोनं समुद्र पाहिलाच नसता. सगळा खर्च आधी एकदाच देऊन टाकायचा आणि पुढे प्रत्येक गाडीत चढताना खिसा चाचपायचा नाही, ही मोकळीक पगारदार माणसाला फार मोठी असते. पण पैसे आधी दिलेले असले की थांबणं म्हणजे नुकसान वाटायला लागतं. देवळाच्या ओवरीत टेकलं तरी मनात गाडीचं चाक फिरत राहतं. पासाची किंमत ठरवताना हेही धरायला हवं, असं मला त्या वीस मिनिटांपासून वाटत आलं आहे.

आम्ही तिकिटं काढत फिरलो. पहिल्या दिवशी कंकालेश्वर. तळ्याच्या मधोमध उभं असलेलं ते तीन गाभाऱ्यांचं देऊळ आम्ही बहिणी लहानपणापासून येता-जाता पाहतो. त्या दिवशी भिंतीवरच्या एकेका मूर्तीपाशी थांबलो. शस्त्र घेतलेल्या बायका अक्काला पहिल्यांदाच दिसल्या. तिथून खजाना विहीर. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं बांधलेली. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि दुसऱ्या वाटेनं शेतांकडे जातं, पंप नाही की मोट नाही. भाचा स्थापत्याचा अभियंता आहे. तो काठावर बसला तो उठेना. "मावशी, हा उतार त्या काळात कसा मोजला असेल?" असं त्यानं तीनदा विचारलं. दुष्काळी म्हणून ज्या जिल्ह्याची सगळीकडे ओळख, त्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी पाण्याला अशी वाट करून दिली गेली होती, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

अंबाजोगाईत तर आमची गाडी चुकली, आणि ती आम्हीच चुकवली. योगेश्वरीचं दर्शन झालं. गाभाऱ्याबाहेर रत्नागिरीकडचं एक कुटुंब भेटलं. ही देवी कोकणस्थांची कुलस्वामिनी, तेव्हा तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सह्याद्री ओलांडून इथे येतात. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे तोच पास होता, सात दिवसांचा. कोकणातून निघून तुळजापूर, अंबाजोगाई, परळी, औंढा करून ते परतणार होते. वय साठीच्या आतलं, तिकीट पूर्ण, अंतर लांबचं. त्यांना पास अगदी बरोबर बसत होता. आई त्यांना म्हणाली, "तुमचा समुद्र मी पाहिलाय." त्या घरातल्या बाईंनी विचारलं, "मग पुन्हा कधी येताय?" आईनं उत्तर दिलं नाही.

मग संतकवी दासोपंत. त्यांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या खादीच्या कापडावर लिहिलेला पंचीकरणाचा विषय, या गावानं जपलेली आहे. कागद पुरेना म्हणून कापड घेतलं की काय, असं आईनं विचारलं आणि नंतर स्वतःच म्हणाली, "एवढं लिहायला बसायचं तर घाई नसणार त्यांना." पुढे मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. गावाबाहेर दरीच्या काठाला. मराठीचा आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते इथे विसावले आहेत. आई पायऱ्या उतरू शकत नव्हती. ती वरच झाडाखाली बसली, अक्का तिच्याजवळ. मी आणि भाचा खाली जाऊन आलो तेव्हा दोघी सीताफळं खात बसल्या होत्या, आणि परळीची गाडी केव्हाच गेली होती. पुढची तासाभरानं होती. कुणालाच चुटपुट लागली नाही. खिशात पास असता तर भाच्यानं वरून हाका मारल्या असत्या, हे त्यानं स्वतःच कबूल केलं.

राक्षसभुवनला पोचलो तेव्हा गोदावरीचं पात्र भरलेलं होतं. १० ऑगस्ट १७६३ ला इथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, हे भाच्याला पाठ होतं. ती लढाई झाली तो काठ आपल्या घरापासून साठ किलोमीटरवर आहे, हे मात्र त्याला नव्यानं कळत होतं. शनीच्या देवळात तेल वाहून आम्ही घाटावर बसलो. आईनं बटवा उघडला. त्यात चार दिवसांची तिची सगळी तिकिटं होती. मोफत असलं तरी कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. आईनं त्यांतलं एकही टाकलं नव्हतं. घड्या घालून, एकावर एक ठेवलेली. भाच्यानं ती मांडीवर पसरली आणि अंतरांची बेरीज करू लागला.

"आजी, परतीचं धरलं तर तू ४८० किलोमीटर फिरलीस," तो म्हणाला.

"आणि रत्नागिरी किती?"

त्यानं मोबाइलवर पाहिलं. सोलापूर, कोल्हापूर करून गणपतीपुळे, जाऊन-येऊन हजाराच्या वर. "आजी, तुझं शून्य, आईचं आणि मावशीचं अर्धं. पास एकट्या मला लागेल, आणि तो फिटेल. चार दिवसांचा काढतो."

आईनं तिकिटं गोळा करून पुन्हा बटव्यात ठेवली, दोरी ओढली.

"तिथून संध्याकाळची गाडी धरायची का?" तिनं विचारलं.

"नाही. दोन रात्री तिथेच राहू," भाचा म्हणाला.