ज्यू समाजातील पंक्तिप्रपंच

ज्यू म्हटले की आपल्याकडील सुशिक्षिताच्या डोळ्यांपुढे जर्मनीतून वा पोलंडमधून परागंदा झालेला माणूस उभा राहतो. वस्तुतः हा समाज बगदाद, येमेन, मोरोक्को, इथिओपिया, कोची आणि आपले कोकण अशा नाना भूमींत शतकानुशतके रुजला. धर्मग्रंथ एक, शब्बाथ एक. परंतु भाषा, वर्ण, अन्न आणि उपासनेचे सूर निरनिराळे. अशा समाजाला 'आपण सारे एक' एवढी घोषणा पुरते काय, हा प्रश्न बेने इस्रायलींच्या अनुभवाने केव्हाच विचारून ठेवला आहे.

अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले, अशी या लोकांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांच्यातील हजारोंनी तिकडे स्थलांतर केले. तेथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्रायली व्यक्तीचा विवाह अन्य ज्यूंशी लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्या खुणेमुळे कोकणाने त्यांना ओळखले, ती त्यांच्या धर्मबांधवांना मात्र अपुरी वाटली! अखेर आंदोलन झाले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले आणि फर्मानातून त्यांचा नामोल्लेख वगळला गेला.

धर्मगुरूंची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. दूर देशी राहिलेल्या या लोकांनी विवाह व घटस्फोट यांचे शास्त्रोक्त नियम पाळले असतील काय, अशी त्यांची शंका होती. आणि ज्यू धर्मशास्त्रात त्या नियमांचा संबंध थेट संततीच्या विवाहयोग्यतेशी पोहोचतो. परंतु शंका धर्मशास्त्राची असेल तर नियम सर्वांना सारखा हवा. एकाच गटाचे नाव घेऊन झडती घेतली की तेथे शास्त्र संपते आणि पंक्तिप्रपंच सुरू होतो.

त्या प्रसंगाने धडा मिळाला म्हणावे, तर इथिओपियाच्या ज्यूंची कथा आडवी येते. १९७५ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. १९८४-८५ मध्ये सुदानमार्गे हजारोंना विमानांनी आणण्यात आले. तरीही विवाहापूर्वी त्यांनी शुद्धिस्नान करावे, असा आग्रह धरला गेला. पुढे १९९६ मध्ये त्यांनी दिलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात असल्याचे उघड झाले आणि त्यांचा क्षोभ रस्त्यावर आला. कायद्याने दार उघडले, तरी मनाची कडी निघायला वेळ लागतो, हेच खरे.

याचे सारे खापर युरोपीय ज्यूंवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त दासांच्या वंशजांना बरोबरीचा हक्क नव्हता. त्यांच्यातीलच वकील ए. बी. सालेम यांना गांधीमार्गाने सत्याग्रह करावा लागला. मुंबईतील बगदादी ज्यू बेने इस्रायलींपासून अंतर राखीत. आणि खुद्द बेने इस्रायलींतही 'गोरे' व 'काळे' असा भेद होताच. त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. सोसणाऱ्याच्याही पायाखाली आणखी कोणी असतो, हे जातींच्या उतरंडीत वाढलेल्या आपणांस निराळे सांगायला नको.

मग उपाय कोणता? समावेश म्हणजे केवळ सहन करणे नव्हे. इथिओपियन ज्यूंच्या 'सिग्द' सणाला २००८ मध्ये इस्रायलने राष्ट्रीय सणाचा दर्जा दिला. पौर्वात्य ज्यूंचा इतिहास व साहित्य शालेय अभ्यासक्रमात यावे, असा अहवाल कवी एरेझ बितोन यांच्या समितीने २०१६ मध्ये सादर केला. ही दिशा योग्य आहे. पण सण पाहुण्यासारखा साजरा करून भागत नाही. एलियाहू हन्नबीच्या नावाने केला जाणारा बेने इस्रायलींचा मलिदा, अथवा १८७४ साली पुण्यात छापलेला मराठी हग्गादा, ही केवळ एका कोपऱ्यातील गंमत नसून समग्र ज्यू वारशाचा भाग आहे, असे मुलांना शिकविले गेले पाहिजे. शिवाय धर्मपीठांत व शाळांच्या कारभारात, निर्णय जेथे होतात तेथे, या लोकांना स्थान हवे.

जगभर ज्याच्या वंशाची झडती घेतली गेली, त्या समाजाने तरी आपल्या दाराशी आलेल्या बांधवाची वंशावळ मागू नये. त्याला पाट द्यावा, पान मांडावे आणि पंगतीतील वाढणे सर्वांना सारखे ठेवावे.