मेंढीला गाईचं खनिज मिश्रण नको



धान निघालं की आपल्याकडे मेंढ्यांचं पोट तणसावर आणि बांध्यांतल्या सुक्या चाऱ्यावर चालतं. मग काही मेंढ्या चारा समोर असूनही खात नाहीत. डोळ्यांतून पाणी येतं, लोकर गळते, कोकरं वाढत नाहीत. आपण लगेच टॉनिकची बाटली आणतो. माझं मत स्पष्ट आहे: बाटलीआधी खनिजाकडे बघा.

मेंढीच्या कोटीपोटातले जंतू जीवनसत्त्व बी-१२ स्वतः तयार करतात. त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागतं, किलोभर सुक्या चाऱ्यामागे फक्त ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. तेवढंही नसेल तर बी-१२ बनत नाही. मग चारा पचून तयार झालेल्या आम्लाची यकृतात साखर होत नाही आणि मेंढीची भूकच मरते. ऑस्ट्रेलियात भरल्या कुरणात मेंढ्या खंगत होत्या, त्यामागे कोबाल्टची कमतरता असल्याचं १९३५ मध्ये कळलं.

तणसात जीवनसत्त्व 'अ' जवळपास नसतंच, ते हिरव्या चाऱ्यातून येतं. यकृतात साठलेलं 'अ' रक्तात यायला जस्त लागतं.

*आता सावध राहा.* घरात गाईसाठी आणलेलं मिश्रण असतं, तेच मूठभर मेंढीला टाकलं जातं. त्यात तांबं जास्त असतं. गाईला ते चालतं, मेंढीला नाही. तिच्या यकृतात तांबं महिनोन्‌महिने साठत जातं, वरून काही दिसत नाही. मग एक दिवस डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि दोन दिवसांत मेंढी जाते. मी पण आधी "मिश्रण द्या" एवढंच सांगायचो, कोणतं ते सांगत नव्हतो. ती माझी चूक होती.

म्हणून:
✅ मेंढीसाठीचंच मिश्रण घ्या. पाकिटावर मेंढीचं नाव आणि कोबाल्ट आहे का, वाचून घ्या.
✅ मोठ्या मेंढीला रोज साधारण ५ ते १० ग्रॅम, पाकिटावरच्या मापानेच.
✅ तणसासोबत थोडा तरी हिरवा चारा किंवा झाडपाला द्या.
✅ पापणी आतून पांढरी दिसली तर जंतही असू शकतात. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडी तपासा.

एकट्याला पाकीट महाग पडतं. पाच-सहा जणांनी मिळून मागणी कळवा, कंपनीमार्फत एकत्र आणू.

आपला कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, शहापूर (जि. भंडारा)